एक लिटर म्हणजे केवढं

आधीच सांगते, हे मी शांत डोक्यानं लिहिलेलं नाही. माझी मुलगी आरोही आज बरी आहे. उंबरा धरून उभी राहते, चपला तोंडात घालते, आजोबांच्या मिशा ओढते. देवाचे आभार मानावेत आणि झालं गेलं विसरून जावं, असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे. आभार मानले. विसरायचं मात्र जमत नाही, कारण जे झालं ते आमच्या घरात झालं, आमच्या हातानं झालं, आणि उद्या दुसऱ्या एखाद्या घरात तसंच्या तसं होऊ शकतं.

मी आमच्या तांड्यातली पहिली पदवीधर मुलगी. आर्णीपासून नऊ किलोमीटरवर आमचा तांडा. दारव्ह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी प्रयोगशाळा सहायक आहे. रसायनशास्त्राच्या तासाला लागणारी द्रावणं मी तयार करते. अमुक इतके ग्रॅम, अमुक इतकं पाणी, खुणेपर्यंत, एक थेंब जास्त नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या, एवढंच.

तिजेचा आठवडा

श्रावणात तिजेसाठी मी माहेरी गेले होते. तांड्यातल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि शेवटी ते हिरवे कोंब वाहत्या पाण्यात सोडतात. लग्नाआधी मीही त्यात असायची. या वर्षी आरोहीला कडेवर घेऊन नुसतं बघायचं होतं. ती दहा महिन्यांची होती.

गुरुवारी सकाळी तिला जुलाब सुरू झाले. तीनदा, मग पाचदा. दोनदा उलटी. याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली, "दात येऊन राह्यले. होते असं." पण दुपारपर्यंत पोरगी मलूल झाली, तेव्हा बा मोटारसायकल काढून म्हणाले, "बस, आर्णीले जाऊ." घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलतो. सगळ्यांना समजावं म्हणून इथं आमचं बोलणं वऱ्हाडीत लिहिते आहे.

आर्णीत डॉक्टर चार वाजता येणार होते. तोवर काहीतरी द्यावं म्हणून शेजारच्या मेडिकलमध्ये गेले आणि म्हणाले, "लहान बाळाला जुलाब आहेत. ओआरएस द्या."

दुकानदारानं मागं न बघता हात मागं नेला आणि नळी चिकटवलेले दोन डबे काढले. संत्र्याचं चित्र. चित्रावर मोठ्या अक्षरांत ती तीन इंग्रजी अक्षरं.

"पावडरचं पाकीट नाही का?"

"अवो ताई, ते कोण पिते आता? खारट. हे रेडीमेड हाय. लेकरू चाटूनपुसून पिते पाहा."

आणि खरंच, आरोही चाटूनपुसून प्यायली. किती बरं वाटलं मला! डॉक्टर आलेच नाहीत त्या दिवशी. आम्ही परत आलो. संध्याकाळपर्यंत दुसरा डबाही संपला, आणि जुलाब नुसतं पाणी झाले. अंगावरचं झबलं बदलून खाली ठेवायच्या आत पुन्हा.

पुढं दवाखान्यात कळलं की तो डबा म्हणजे गोड सरबत होतं. त्यात साखर भरमसाठ आणि मीठ नावाला. इतकी साखर आतड्यात गेली की ती अंगातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणजे मी आग विझवायला रॉकेल ओतत होते. डब्याच्या मागं, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं की जुलाबासाठी हे वापरू नये. पुढं तीन अक्षरं बोटाएवढी आणि मागं हे वाक्य. ज्या माणसानं ही मापं ठरवली, त्यालाही घरी लेकरं असतील ना?

आता अशा पेयांवर ती अक्षरं छापायला मनाई झाली आहे, असं वाचलं. चांगलं झालं. पण दुकानदाराच्या तोंडातून ती अक्षरं काढायला कोण जाणार?

"तू तर शिकलेली हायस"

शुक्रवारी सकाळी आमच्या आशा सेविका मंगलाबाई घरी आल्या. चांगली बाई. सगळा तांडा आणि शेजारचं गाव त्यांच्या एकटीच्या माथी. त्यांनी खरी पाकिटं दिली, सरकारी, पावडरची, तीन.

मी विचारणारच होते, तेवढ्यात त्या चप्पल घालत म्हणाल्या, "तुले काय सांगाव मी? तू तर शिकलेली हायस. पाकिटावर लिवलं हाय, वाचून घेजो."

मी वाचलं. एक पूर्ण पाकीट, एक लिटर पिण्याचं पाणी. स्वच्छ लिहिलेलं होतं. मराठीत नव्हतं, पण मला वाचता येत होतं.

आता ज्याच्यामुळं मी हे लिहायला बसले, ते सांगते.

माझे वडील कापूस पेरतात. पावसाळ्यात पंप पाठीवर घेऊन फवारे मारतात. औषधाच्या बाटलीवर एका पंपाला किती औषध, हे लिहिलेलं असतं. आमच्याकडं त्याप्रमाणं कोणी टाकत नाही. एक झाकण सांगितलं तर दीड टाकायचं, माव्याची कीड जास्त असेल तर दोन. बांधावर बसलेले सगळे हेच सांगतात. "कागदावरच्या डोसानं मावा तरी मरते का?" "कंपनीवाले कमीच लिवतेत, आपल्यावर नाव नको म्हणून." लहानपणापासून मी हे ऐकलं. आमच्यासाठी छापील डोस म्हणजे सुरुवात. त्याच्यावर किती चढवायचं, हे ज्याला कळतं तो हुशार शेतकरी. आणि यात सगळी चूक त्यांचीच असंही म्हणवत नाही. बनावट औषध, बनावट बियाणं पदरात पडलेल्या माणसानं छापलेल्या अक्षरावर विश्वास तरी कसा ठेवावा?

बानं गडवा घेतला. आमचा पितळी गडवा, पाणी प्यायचा. दीड पेला पाणी मावतं त्यात. पाकीट दातानं फाडलं आणि सगळं त्यात ओतलं.

मी म्हणाले, "बा, हे एक लिटरचं आहे."

"एक लिटर? हे एवढीशी पोट्टी लिटरभर पाणी पिते का? सांग बरं. दोन घोट प्याली का ओकते. जेवढं पोटात जाईन तेवढं कडक जाऊ दे न. औषध कामी आलं पाह्यजे."

दोन घोट पोटात जाणार असतील तर ते दोन घोट दमदार असावेत. किती सरळ हिशेब! आणि तो चुकीचा आहे, हे मला त्या क्षणी समजलं होतं. अगदी पूर्ण नाही, पण समजलं होतं. द्रावणाची तीव्रता म्हणजे काय, हे मी दरवर्षी पोरांना भिंतीवरच्या तक्त्यावर दाखवते. तरी मी बोलले नाही.

का बोलले नाही, ते मी पुष्कळ शोधलं. याच माणसानं मला पाचवीपासून दहावीपर्यंत सायकलच्या दांडीवर बसवून आर्णीच्या शाळेत नेलं. चिखलात सायकल खांद्यावर आणि मी पाठीवर. तांड्यातले हसायचे, "तांड्याच्या नायकाच्या पोरी नाही शिकल्या, तुही शिकून कलेक्टर होते का रे?" ते हसू त्यांनी एकट्यानं झेललं. माझ्या पदवीचा फोटो त्यांनी चुलीपासून लांबच्या भिंतीवर लावला आहे, धूर लागू नये म्हणून. त्यांना वाचता येत नाही. मी त्यांना चारचौघांत कधी "तुम्हाला कळत नाही" म्हटलेलं नाही, आणि त्या दिवशी अंगणात तिजेसाठी आलेल्या चार बाया बसलेल्या होत्या.

ज्या माणसानं मला वाचायला पाठवलं, त्याच्याच पुढं मी वाचलेलं गिळून टाकलं.

पहिला गडवा बानं केला. दुसरा, दुपारी, मी केला. त्याच गडव्यात. माझ्या हातानं.

ती मागून मागून पीत होती

शुक्रवारी संध्याकाळी आरोही चमच्यामागं तोंड नेऊ लागली. चमचा दूर केला की रडायची. घसाघसा प्यायची. बा खुश. याडी खुश. "पाहा, कशी पिऊन राह्यली! उतार पडला."

उतार नव्हता. मिठानं तिला तहान लागली होती. आणि तहान लागली म्हणून आम्ही तिला आणखी तेच मीठ पाजत होतो, कौतुकानं, तिचे मुके घेत.

याडी म्हणाली होती की जुलाब आहेत तोवर अंगावरचं दूध बंद कर, पचत नाही. तेवढं एक मी ऐकलं नाही, कारण ती रडायला लागली की मला राहवायचं नाही. नंतर डॉक्टर म्हणाल्या, तेवढं एक बरोबर केलंत.

शनिवारी तिचं रडणं बदललं. बारीक, उंच, मांजराच्या पिल्लासारखं. हात लावू द्यायची नाही. ताप होता. पोटाची कातडी चिमटीत धरली तर मळलेल्या कणकेसारखी लागायची. सकाळपासून शू नव्हती. तिसरं पाकीट मी फोडलं होतं.

दुपारी तांडा टोपल्या घेऊन ओढ्याकडं निघाला होता. गाणी चालू होती. आरोहीचे डोळे वर गेले, मूठ वळली आणि उजवा हात झटके देऊ लागला.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. लोक म्हणतात, गाणी थांबली.

"केवढ्यात कालवलं?"

गावातल्या एकाची काळीपिवळी जीप दारात होती. तिच्यातून यवतमाळ. तासाभराचा रस्ता. बा पुढं बसले होते आणि प्रत्येक वळणाला मागं वळून विचारत होते, "श्वास हाय न? श्वास हाय न?" माझं बोट तिच्या नाकाखाली होतं.

सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. झटके थांबवायचं औषध दिलं, सुई लावली, रक्त पाठवलं. मग माझ्याकडं वळल्या.

"काय पाजत होतात?"

"ओआरएस. आधी डब्यातलं, मग पाकीट."

"पाकीट किती पाण्यात कालवलं?"

तीन दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला. "ओआरएस पाजा" सगळ्यांनी सांगितलं होतं. दुकानदारानं, मंगलाबाईंनी, फोनवर माझ्या सासूबाईंनी, शेजारच्या बाईनं. किती पाण्यात, हे एकानंही विचारलं नव्हतं.

"गडव्यात," मी म्हणाले.

"गडवा म्हणजे केवढा?"

मी हातानं दाखवलं. मॅडमनी खिडकीतली पाण्याची रिकामी बाटली आणली, लिटरची. "यात कुठपर्यंत येईल?"

मी बाकड्याशी उभी होते. बा पुढं झाले आणि त्यांनी बाटलीवर बोट ठेवलं. तळापासून जेमतेम चार बोटं वर. मॅडमनी त्या बोटाकडं पाहिलं, मग वरच्या सगळ्या रिकाम्या बाटलीकडं पाहिलं. मला वाटतं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

रक्ताचा कागद आला तेव्हा त्यांनी समजावलं. पाण्यापेक्षा मीठ फार जास्त गेलं आहे. रक्तातलं मीठ वाढलं आहे, त्याचा मेंदूला त्रास झाला आहे. आता ते खाली आणायचं, पण हळू, दोन दिवस घेऊन. घाईनं आणलं तर मेंदूला सूज येते.

"वाचेल ना?"

"आम्ही प्रयत्न करतो आहोत. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या खाटेकडं गेल्या.

वॉर्ड

दोन दिवस मी थेंब मोजले. सुईच्या नळीतून पडणारे. सिस्टर दर तासाला येऊन चाक फिरवायची, मला फिरवू द्यायची नाही, आणि ते बरोबरच होतं.

संदीप, माझा नवरा, एसटीत कंडक्टर आहे. ड्युटीवरून खाकी कपड्यांतच आला. आधी पोरीजवळ उभा राहिला. मग मला बाहेर बोलावलं.

"तुह्या बापानं केलं न हे?"

"मी पण केलं."

"तू काहून केलं? तुले तर समजते न! सगळ्या गावाले सांगत फिरतो मी, माही बायको सायन्सवाली हाय म्हणून."

मला इतका राग आला की मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली, दवाखान्याच्या व्हरांड्यात, लोकांसमोर. "तू होता का तिथं? एक फोन तरी केला का, किती पाण्यात पाजून राह्यली म्हणून?"

त्यानं माझा हात कॉलरवरून सोडवला. मग म्हणाला, "मले तरी कुठं माहीत होतं?" आणि तिथंच खाली बसला. सासूबाईंचा फोन आला, तेव्हा मीच घेतला. "ग्रॅज्युएट सून आणली, आन् लेकराले मीठ पाजून बसली," त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला. ते वाक्य अजून कानात आहे.

बा वॉर्डात आलेच नाहीत. दोन दिवस बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेले. मी आत-बाहेर करताना त्यांच्या अंगावरून जायची आणि बघायची नाही. मला त्यांचा राग होता. त्यांच्या सायकलचा राग होता, त्या उपकाराचा राग होता, त्या दीड झाकणाचा राग होता. आणि सगळ्यांत जास्त, मी माझ्या शिक्षणाचं काय केलं याचा.

शेजारच्या खाटेवर पांढरकवड्याकडच्या एका कोलाम आदिवासी आजीची नात होती. न्यूमोनिया. आजीचं नाव भीमाबाई. तिनं रविवारी सकाळी न विचारता माझे केस सोडले, फणी केली, घट्ट वेणी घातली. म्हणाली, "माय झिपरी दिसली का लेकरू भेते." तिच्या डब्यातली अर्धी भाकर माझ्या हातात ठेवली. मग बाहेर बघून म्हणाली, "तो म्हातारा तुहा बाप हाय का? कालपासून काही खाल्लं नाही त्यानं."

"नसेल खाल्लं."

"तू लय रागीट हायस बाई," ती म्हणाली आणि उरलेली भाकर घेऊन स्वतः बाहेर गेली.

सोमवारी दुपारी आरोहीनं शू केली. पूर्ण दुपटं ओलं. मी ते दुपटं हातात धरून उभी होते आणि सिस्टर हसत होती. "फेका ते, ताई, बदला." मी ते बाहेर नेलं. का ते माहीत नाही. व्हरांड्यात बासमोर धरलं. त्यांनी हात पुढं करून ते ओलं दुपटं गालाला लावलं.

पाणचट

गुरुवारी सुटी झाली. जुलाब अजून थोडे होते, म्हणून सिस्टरनं पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या दिल्या. गोळी कशी, किती दिवस, ते डॉक्टरांनी लिहून दिलं. मग सिस्टर म्हणाली, "पाकीट कसं कालवता, ते मला इथं करून दाखवा. त्याशिवाय सोडत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाकीट बाच्या हातात दिलं. खरं सांगायचं तर शिक्षा म्हणून दिलं.

त्यांनी ते उलटसुलट केलं. "कुठं लिवलं हाय?"

मी बोट ठेवलं.

"वाच."

"एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट," मी वाचलं.

सिस्टर म्हणाली, "उकळून थंड केलेलं पाणी. अर्धं पाकीट आता, अर्धं मग, असं नाही करायचं. आणि बाबा, लहान पाकीटही मिळते, पेलाभर पाण्याचं. म्हणून दर वेळी वाचायचं. अंदाजानं नाही."

बानं लिटरच्या बाटलीनं भांड्यात बाटलीभर पाणी ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत झटकून. पाकीट ओतलं, ढवळलं. चमचाभर चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे तर पाणचट हाय."

"एवढंच पाणचट पाहिजे."

"साखर?"

"नाही."

"लिंबू?"

"काहीच नाही. दूध नाही, सरबत नाही, काही नाही. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून द्या. चमच्या-चमच्यानं पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. आज केलेलं उद्या नाही वापरायचं, उरलं तर ओतून द्या. आईचं दूध चालू. शू बंद झाली, पोर सुस्त पडलं, शीमधून रक्त आलं, की घरी काही करत बसू नका, इकडं या."

बानं पुन्हा एक चमचा चाखला. "एवढ्या पाणचटानं भागते?" ते स्वतःशीच म्हणाले. रिकामी बाटली त्यांनी पिशवीत टाकली. घरी गेल्यावर याडीच्या कुंकवानं तिच्यावर लिटरची रेघ मारायला लावली, मग कुंकू पुसलं जाईल म्हणून खिळा तापवून खूण केली.

मी त्यांच्याशी तेव्हाही नीट बोलत नव्हते.

आरोहीला अजून तपासायला न्यायचं आहे. बसते कशी, बोलते कशी, बघते कशी, ते डॉक्टर बघणार आहेत. आतापर्यंत सगळं ठीक म्हणतात. पण ती एखादा शब्द उशिरा बोलली तर ते त्या गडव्यामुळं की नुसतंच उशिरा, हे मला कधी कळणार नाही. ती भीती आता घरातच राहणार.

मेडिकल

आठवड्यानं मी म्हणाले, आर्णीला जाते. बानं विचारलं नाही कशाला. मोटारसायकल काढली.

तोच दुकानदार, तोच हात मागं. समोर एक बाई उभी होती, पदराखाली चार-पाच महिन्यांचं लेकरू. काउंटरवर तोच संत्र्याचा डबा.

मी डबा उचलला. "भाऊ, हे काय आहे?"

"ओआरएस, ताई."

"जुलाबाला चालतं?"

"चालते न. लेकरू आवडीनं पिते."

मी डबा उलटा केला आणि मागची बारीक इंग्रजी ओळ वाचली. मग तिचं मराठी केलं. जुलाबासाठी वापरू नये. मग साखर किती ते वाचलं, मीठ किती ते वाचलं.

"अवो हळू बोला, गिऱ्हाईक हाय," तो म्हणाला. "तुमीच ओआरएस मागितलं होतं, मी दिलं. मी काय कंपनीचा मालक हाय का?"

"माझी मुलगी पाच दिवस दवाखान्यात होती."

"ते काय याच्यानं झालं का?"

सगळं याच्यानं झालं नव्हतं. ते मला माहीत होतं, आणि तोच माझा अडकलेला घास होता. मी क्षणभर थांबले. दुकानात आणखी चार माणसं जमली होती. बा पायरीवर उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील, चल, जाऊ दे.

ते म्हणाले, "थांबली काहून? जोरात वाच. मागच्यायले आयकू येऊन नाही राह्यलं."

मी पुन्हा वाचलं. पहिल्या ओळीपासून, शाळेत प्रार्थना म्हणायचे तशी, छाती भरून. वाचून झालं तेव्हा त्या बाईनं डबा दुकानदाराकडं सरकवला.

"मंग कोणतं देऊ लेकराले?" तिनं मला विचारलं.

मी पावडरचं पाकीट मागितलं. दुकानदारानं खालच्या फळीतून काढलं, धूळ झटकून. त्या बाईनं ते घेऊन कमरेला खोचलं आणि निघाली.

बा पायरीवर तिला आडवे आले. पिशवीतून ती खूण केलेली बाटली काढली आणि तिच्यापुढं धरली.

"थांब बाई," ते म्हणाले. "आधी हे सांग, तुह्या घरचा गडवा केवढा हाय?"